चूप बसायचे पैसे

स्वयंपाकघरात कॅरीबॅगा कधी साठतात ते कोणालाच कळत नाही. एक ओढायला जावं, तर तिच्या बंदात अडकून आणखी दहा बाहेर येतात! आमच्या हास्यक्लबाचे किस्से तसेच. एक सांगायला बसले की बाकीचे आपोआप निघतात आणि घरातले म्हणतात, "झालं हिचं सुरू!" म्हणून आज एकाच दिवसाचे सांगते. आम्ही चूप बसलो होतो त्या दिवसाचे.

आधी ओळख करून देते. अमरावतीत आमच्या कॉलनीच्या बागेत रोज सकाळी आम्ही नऊ-दहा जण हात वर करून जोरजोरात हसतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सुरू केलं, आता कोणी नको म्हटलं तरी थांबणार नाही. क्लबाचे प्रमुख इंगळे सर. दर्यापूरच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. सर रिटायर झाले, आवाज झालेला नाही! मी शैला. एसटीच्या चौकशी खिडकीवर नोकरी काढली, त्यामुळे चूप बसायची सवय मलाही नाही.

बागेला पाणी घालणारी सविता आणि तिची सहा वर्षांची पायल. पायलला जन्मापासून कमी ऐकू येतं. ती परतवाड्याला अशा मुलांच्या शाळेत राहते, सुट्टीत घरी येते, तशी तेव्हा आली होती. शिबिरात मिळालेली तिची कानाची मशीन बंद पडली. शाळेतल्या बाईंनी सविताला स्पष्ट सांगितलं, "हेच शिकायचं वय आहे. मशीन लवकर आली नाही, तर आहेत ते शब्दही विसरेल." शाळेत आणखी तीन मुलांना मशीन हव्या होत्या. पायल सगळ्यात नवीन, म्हणून तिचा नंबर चौथा. चौघांच्याही मशीनचे पैसे जमवायचं क्लबानं ठरवलं. पैसे कमी पडले तर कोणाची मशीन राहणार, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

इंगळे सरांचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं सांगितलं की तिकडे लोक चांगल्या कामासाठी पळतात आणि दुसरे त्यांना किलोमीटरमागे पैसे देतात. आम्ही एकमेकांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

शेवटी आमच्या कुसुमताईच म्हणाल्या, "पळणं राहू द्या. आपल्याले जे जनमात जमलं नाही ते करू. मंग लोक पैसे देतीन!"

ठरलं. येत्या रविवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बागेत बसून मौन. दर तासाचे पैसे. जो बोलला, त्याचे पैसे तिथंच बंद.

*

घरोघर फिरलो. वर्गणी आपल्या लोकांना कळते. गणपती, शारदा, भंडारा, काहीही सांगा, कुरकुरतात पण देतात. हे तासावर चूप बसायचं प्रकरण काही केल्या पचेना.

गल्लीच्या टोकाला ऐंशीच्या सुभद्राबाई राहतात. त्यांना मी तीनदा समजावलं. त्यांनी तिन्ही वेळा नीट ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"म्हंजे तुमी चूप बसान आन लोक तुमाले पैसे देतीन? अवं बाई, म्या चाळीस वर्सं सासूसमोर फुकट चूप बसली! तवा कोनी काही देल्लं नाही!"

मग कनवटीची नोट काढली आणि माझ्या हातात कोंबली. "पोरीच्या मशीनीले ठेव. आन तुले बोला वाटलं त बोलून घेजो बाई. मी काही परत मागाले येत नाही."

*

सगळ्यात अवघड घर काळमेघ साहेबांचं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी बागेत उघडते. आमच्या हसण्याविरुद्ध त्यांनी सात वर्षांत इतके अर्ज केले होते की त्यांची सही आम्हाला लांबून ओळखू यायची.

आम्ही भीतभीत गेलो. इंगळे सरांनी सगळं सांगितलं. साहेब डोळे मिटून ऐकत होते. मग हळूच एक डोळा उघडला.

"इंगळे सर, पूर्ण म्हयन्याचं पॅकेज नाही का?"

नाही म्हटल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. पण एका दिवसाचे त्यांनी दिले, तेही सगळ्यांपेक्षा जास्त, आणि एका अटीवर. "पंच मी राहीन. तुमच्यावर मले काडीचा भरोसा नाही!"

*

रविवारी सहा वाजता साहेब शिट्टी घेऊन हजर. गळ्यात मफलर, चेहऱ्यावर असा आनंद की बघणाऱ्याला वाटावं यांच्या घरी लग्न आहे. शिट्टी वाजली. मौन सुरू झालं. चिमण्यांचा आवाज आला. त्या बागेत चिमण्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं!

साहेब खुर्चीवर बसले आणि सरकारी सवयीनं एकेक नाव घेऊ लागले. "वानखडे कुसुमताई." कुसुमताईंनी हात वर केला. "तायडे भाऊ." तायड्यांनी हात वर केला. "इंगळे सर."

"हजर!"

अख्ख्या बागेत घुमला तो शब्द. समोरच्या झाडावरचा कावळा उडाला. साहेबांनी शिट्टी वाजवली आणि सर बाद झाले. दिवस धड उजाडलाही नव्हता.

"हे चीटिंग हाये!" सर ओरडले.

"मायी काय चूक? पंचाले हजेरी घ्याच लागते!" साहेब खुशीत म्हणाले.

सर तरातरा गेले आणि साहेबांच्या शेजारीच बाकावर बसले. सविता सोडली, तर आता अख्ख्या बागेत बोलायची मुभा असलेली माणसं दोनच होती. त्यातले एक इंगळे सर! साहेबांच्या हे लक्षात यायला अर्धा तास लागला.

*

कुसुमताईंची बहीण नलिनीताई अकोल्याला असतात. रोज सकाळी त्यांचा फोन येतो. दोघी एकाच वेळी बोलतात, त्यामुळे फोन दीड तास चालतो. त्या दिवशीही आला. कुसुमताईंनी साहेबांकडे बघून खूण केली. साहेब म्हणाले, "आयकाले बंदी नाही."

ताईंनी फोन कानाला लावला. नलिनीताईंनी सुनेचं सांगितलं, सुनेच्या आईचं सांगितलं, कूलरच्या मोटरचं सांगितलं, मग पुन्हा सुनेचं सांगितलं. आम्हाला लांबूनही ऐकू येत होतं. कुसुमताईंचे ओठ नुसते थरथरत होते. एकदा तर त्यांनी स्वतःच्या पदराचा बोळा तोंडात धरला. पण शब्द नाही काढला!

शेवटी नलिनीताई अगदी गहिवरून म्हणाल्या, "कुसुम, आज तुयासंग बोलून लय बरं वाटलं व. रोजच अशी बोलत जाय!"

*

आता माझा किस्सा. अकराच्या सुमारास मी बागेच्या फाटकाजवळ बसले होते. पिशवी घेतलेला एक माणूस आला. "बाई, परतवाड्याले जाची गाडी कुठून भेटते?"

माझी काय अवस्था झाली असेल ती कल्पना करा! आयुष्यभर ज्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं, तोच प्रश्न समोर उभा आणि माझ्या तोंडाला कुलूप! पण वाट विचारणाऱ्या माणसाला असं सोडणार कसं? मी उठले. स्टिअरिंग फिरवून दाखवलं. डावीकडे वळण दाखवलं, देऊळ दाखवलं, मग पुन्हा उजवीकडे. गाडी भरलेली असते हे दाखवायला छाती फुगवून कोपरं आवळली. खिडकीची जागा हवी असेल तर आधी रुमाल टाकायचा, तेही दाखवलं.

त्याला सगळं समजलं! त्यानं हात जोडले, दहाची नोट माझ्या मांडीवर ठेवली आणि जाताजाता चहावाल्याला म्हणाला,

"मुकी हाये बिचारी, पन काय समजून सांगते! नाहीतर ते डेपोतल्या खिडकीवरची बाई होती पहिले. कदी सीधं तोंड उघडून बोलली नाही!"

मी दहाची नोट वर्गणीच्या डब्यात टाकली. त्याच्या मागे धावत जाऊन मी काय काय बोलणार होते, ते सगळं अजून माझ्या पोटात आहे.

*

दुपारी तायडे भाऊंच्या घरून रोडगे, वांग्याची भाजी आणि ठेचा आला. ठेच्याचा पहिला घास खुद्द तायडे भाऊंनीच घेतला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून धारा लागल्या आणि तोंडातून निघालं, "हाऽऽऽ... हुश्शऽऽ!"

शिट्टी वाजली. बाकीच्यांनी हातवारे करून मोठा तंटा केला. काळमेघ साहेबांनी थोडा ठेचा स्वतःच्या जिभेवर ठेवला, डोळे पुसले आणि निकाल दिला.

"हुश्श हे तिखटाचं हाये. बोलन्यात धरता येत नाही!"

*

जेवणं झाल्यावर सगळे झाडाखाली बसलो होतो. पाणी हवं तर अंगठा तोंडाला, चहा हवा तर फुंकर मारून दाखवायची, असं चाललं होतं. पायल मघापासून आमच्यामधून फिरत होती. ती फार खुशीत होती. कोणी काही मागितलं की सगळ्यात आधी तिलाच कळायचं आणि ती पळत जाऊन आणायची.

मग एकदम थांबली. आमच्या सगळ्यांच्या कानांकडे तिनं वाकून वाकून पाहिलं. सविताकडे जाऊन हातांनी काहीतरी विचारलं. सविताला हसूही आलं आणि रडूही.

"काय म्हनते पोरगी?" काळमेघ साहेबांनी विचारलं.

"म्हनते, या साऱ्यायच्या बी मशीनी बिघडल्या का?"

माझे डोळे भरून आले आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

*

चारच्या सुमारास कुसुमताईंनी बोटांवर हिशेब मांडून दाखवला. तीन मशीन झाल्या होत्या. चौथी अडत होती. सर पहाटेच बाद झाल्यामुळे त्यांचे बारा तासांचे पैसे गेले होते, आणि तेवढाच खड्डा पडला होता. सविता नळाजवळ पाइप धरून उभी होती. पाणी एकाच आळ्यात जात होतं, आळं भरून वाहत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

इकडे बाकावर सर सकाळपासून बोलत होते. त्यांची पहिली नेमणूक झाली, दुसरी बदली झाली, आता अचलपूरच्या बदलीत ते शिरले होते. काळमेघ साहेबांनी मफलर कानांवरून दोनदा गुंडाळला होता. आयुष्यात पहिल्यांदा पैसे मोजून शांतता विकत घेतलेला तो माणूस, आणि अख्ख्या कॉलनीत त्या दिवशी शांतता नव्हती ती फक्त त्याच्याच शेजारी!

"...तर त्या साली अचलपूरले काय झालं, साहेब," सर म्हणाले.

साहेब ताडकन उठले. "बस! बस झालं! या मानसाले आत घ्या! बाद नाही केला मी याले, माघारी घेतो! जेवढे कमी पडून राहिले तेवढे मी देतो! पन सहा वाजेलोक याले चूप बसवा!"

आम्ही सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. गोष्ट ऐन रंगात आली होती. अचलपूरला काय झालं हे सांगायला त्यांचं तोंड उघडलेलं होतं. सरांनी पायलकडे पाहिलं. हेडमास्तर झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

सहा वाजले. शिट्टी वाजवायची तर काळमेघ साहेबांना झोप लागलेली!

*

अकोल्याला जाऊन आम्ही पायलला मशीन बसवून आणली. सविता, कुसुमताई आणि मी. डॉक्टरांनी मशीन कानामागे लावली, बटण फिरवलं आणि सविताला खूण केली. सविता लेकीच्या पाठीमागे जाऊन अगदी हळू म्हणाली, "पायल."

पायलनं मागं वळून पाहिलं.

मी रडले. सगळेच रडलो. कुसुमताई तर डॉक्टरांच्या गळ्यात पडायच्या बाकी होत्या. नलिनीताईंनी जेवायला बोलावलं होतं, पण आम्ही सरळ परतीची बस धरली. पहिलाच दिवस, पोरीच्या कानांवर एकदम एवढा भार नको!

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत पायल मधोमध उभी. आम्ही गोल करून भोवती. ज्या क्लबानं तिच्यासाठी दिवसभर तोंड बंद ठेवलं, त्याचं हसणं तिनं ऐकायलाच हवं, असं सरांनी जाहीर केलं. सर्वांनी हात वर केले. सरांनी छाती भरून श्वास घेतला.

"हो हो! हा हा हाऽऽ!"

पायल दचकली. डोळे मोठे झाले, आणि तिनं दोन्ही कान गच्च दाबले. आमचं हसणं जागच्या जागी थांबलं. सविता घाबरली. पायल पळत सुटली ती थेट काळमेघ साहेबांच्या खिडकीखाली. साहेब बनियनवर उभे होते, रोजच्यासारखे दोन्ही कानांवर हात ठेवून. त्यांनी खाली पाहिलं, तिनं वर पाहिलं. दोघंही तसेच, कान धरून.

मग पायलनं कानामागे बोट नेलं, मशीन बंद केली, आमच्याकडे वळली, दोन्ही हात वर केले आणि आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. करा सुरू, अशी हातानं खूण केली. आम्ही सुरू केलं. सविता पाइप टाकून आमच्यात येऊन हसायला लागली.

काळमेघ साहेब बराच वेळ त्या पोरीकडे पाहत राहिले. मग खिडकीच्या गजाला तोंड लावून ओरडले,

"इंगळे सर! पुढच्या वर्षी माह्यासाठी मौन धरा! मले बी अशी बंद होनारी मशीन पाह्यजे!"