काकांच्या पित्तनळीची चौकशी

ऑपरेशन थिएटरच्या दारात मी एका सर्जनला म्हणालो, मोठा छेद नको, दुर्बिणीनंच करा. पित्ताशय पोटात उजवीकडे असतं की डावीकडे, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तात्यापारा मोहल्ल्यात माझं वह्यापेनांचं दुकान आहे. आणि ज्यांच्या पोटाविषयी मी हा सल्ला दिला, ते आमच्या शेजारचे सिग्नलकाका म्हणजे अख्ख्या छत्तीसगडात थांबण्याच्या कलेतले एकमेव उस्ताद.

काका रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण खात्यातला एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता: जो सिग्नल नीट दिसत नाही तो लाल समजायचा आणि गाडी उभी करायची. रेल्वेने हा नियम इंजिनासाठी केला असावा. काकांनी तो वांग्याच्या भाजीला लावला. पंगतीत वाढलेल्या रश्शाचा तळ दिसला नाही तर ते घास उचलत नसत. जेवताना वीज गेली की त्यांचा हात ताट आणि तोंडाच्या मधे जिथे असेल तिथे थबके, आणि वीज येईपर्यंत काकू त्या हाताशीच बोलत बसत. एकदा पुरानी बस्तीच्या वळणावर पलीकडचं दिसेना म्हणून त्यांनी स्कूटर उभी केली. मागे ई-रिक्षा खोळंबल्या, भाजीचा ठेला खोळंबला, शेवटी एक वरात येऊन थांबली. बॅण्डवाल्यांचं गाणं तीनदा वाजून संपलं. घोड्यावरचा नवरदेव ओरडला, "अंकल, आगे तो बढ़ो!" काका मान न वळवता म्हणाले, "तू ऊपर बैठा है न बेटा, तूच देख के बता, लाइन क्लियर है क्या?" बिचाऱ्याने रिकिबीत टाचा उंचावून वळणापलीकडे पाहिलं, हात हलवला, तेव्हा कुठे त्याचं लग्न पुढे सरकलं.

अशा माणसाच्या पित्ताशयात खडे निघाले. काकांचा मुख्य आक्षेप दुर्बिणीवर. "लहानशा भोकातून त्याइले काय दिसते बाप्पा?" दोन महिने मी त्यांच्या ओट्यावर बसून प्रचार केला. माझ्या साळ्याचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि चौथ्या दिवशी तो कचोरी खाताना पकडला गेला होता, एवढंच माझं वैद्यकीय ज्ञान. "चार बारीक भोकं, काका. तिसऱ्या दिवशी घरी. माझा शब्द." माझ्या शब्दाला घरात कुणी विचारत नाही. काकांनी तो मानला. तोवर दुखणं इतकं वाढलं होतं की पित्ताशय सुजून बसलं.

समता कॉलोनीतल्या एका नर्सिंग होममध्ये दाखल केलं. त्यांची मुलगी बंगळूरहून दुपारी पोचणार होती, काकू बाकावर जपमाळ ओढत बसलेल्या, त्यामुळे ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही माझी. काकांना आत नेल्यावर तासाभराने सर्जन बाहेर आला. "भैया, सूजन बहुत है. सब चिपक गया है, नली साफ नहीं दिख रही. पेट खोलना पड़ेगा."

म्हणजे दिसत नव्हतं, आणि तो थांबला होता. काका शुद्धीत असते तर त्यांनी त्याला मिठी मारली असती. मला मात्र 'चार भोकं' म्हणून दिलेला शब्द बुडताना दिसला. मी हसत हसत म्हणालो, "डॉक्टरसाब, एक बार और ट्राय कर लीजिए न. आप तो एक्सपर्ट हैं." तो परत आत गेला आणि दुर्बिणीनंच काम उरकलं. त्याने माझं ऐकायला नको होतं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. मी काय बोललो होतो ते कुणालाच सांगितलं नाही. "काय म्हणे डॉक्टर?" काकूंनी विचारलं. "काही नाही," मी म्हणालो, "सगळं ठीक."

तिसऱ्या दिवशी काका घरी आले नाहीत. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, पोटात ठेवलेल्या नळीतून हिरवट पित्त वाहू लागलं. मोठ्या इस्पितळात हलवल्यावर कळलं की पित्ताशयाची बारीक नळी कापायची होती, तिच्याऐवजी यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनळीच कापली गेली. काकांनी ते एका वाक्यात बसवलं: "बाजूची सायडिंग समजून मेन लाइन उखडली." पित्ताची पिशवी कमरेला लटकवून ते म्हणाले, "नोकरीभर लाल सांभाळला, पेन्शनीत हिरवा भेटला." सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

तीन महिन्यांनी मोठं ऑपरेशन झालं, आतडं वर ओढून यकृताखाली जोडलं. मी टाळलेला तो छेद आता या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत आहे. तरीही दर काही आठवड्यांनी हुडहुडी भरते, ताप चढतो. जोड आवळत चाललाय, डॉक्टर म्हणतात, पुन्हा काय करावं लागेल ते सांगता येत नाही. काकूंनी त्यांच्या शर्टांची बटणं दोनदा आत घेतली. वळणावर आता कुणी खोळंबत नाही.

रेल्वेत अपघात झाला की चौकशी बसते. काकांनी स्वतःच्या पोटाची बसवली. रजिस्टर माझ्याच दुकानातलं. पहिल्या पानावर यकृताचं यार्ड, पित्ताशयाची सायडिंग, कापलेल्या जागी लाल फुली. मग एकेकाचं बयान: काकूंचं, मुलीचं, नर्सचं. माझं राहिलं होतं. मी कधी दुकानाचं कारण सांगे, कधी दाताचं. आठ महिने गेले. परवाच्या रविवारी सकाळी गेलो तर ते ताप उतरून भिंतीला टेकून बसले होते, रजिस्टर मांडीवर.

"बस. आज तुझं बयान."

मी सांगितलं. दारातलं माझं वाक्य, हसण्यासकट. तांदूळ निवडणाऱ्या काकूंचा हात सुपात थांबला. काकांनी पान उलटून माझ्यासमोर धरलं. वर माझं नाव, खाली मी आता बोललो तेच सगळं, थरथरत्या अक्षरात आधीच लिहिलेलं. फक्त तारीख कोरी.

"त्या दुर्बिणवाल्या डॉक्टरनं मले ऑपरेशनच्या पहिल्याच हप्त्यात सांगतलं होतं," ते म्हणाले. "तू कधी येतं तेच पाहून राहिलो होतो."

त्यांनी पेनचं टोपण काढलं, तारीख घातली, आणि सहीसाठी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"तिथं काही दिसत नव्हतं तर पुढं जा म्हणे. अन् इथं आठ महिने लाइन साफ, मीच समोर बसलेलो, तर हा उभाच! पोट्ट्या, तुले तर रेल्वेनं फाटक उघडाले पण ठेवलं नसतं."