मिक्सरवरचा आळ

गिरावीनला, परदेशातल्या आमच्या घरात वीज जायची ती सकाळीच, मी मिक्सर लावला की. फ्रिजची घरघर थांबायची, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ विझायचं आणि वरून मुलगा विचारायचा, "आई, परत?"

तो घरूनच काम करतो. मीटिंगमध्ये वायफाय गेलं की चपला सरकवून बाहेर जायचा आणि बाजूच्या भिंतीवरच्या मीटरच्या पेटीतला, काही बिघाड झाला की आपोआप पडणारा सेफ्टी स्विच वर करायचा. स्विच लगेच टिकायचा नाही, खाली पडायचा. जरा वेळाने टिकायचा, पण तोवर मी मिक्सरची वायर काढलेली असायची. मग आळ कुणावर? मिक्सरवर.

मिक्सर माझा, पुण्याहून साड्यांत गुंडाळून आणलेला. इथल्या ब्लेंडरमध्ये ओल्या नारळाची चटणी नुसती गरगरते, वाटली काही जात नाही.

मुलगा म्हणाला, "मंगळवारी कौन्सिलची गाडी मोठा कचरा उचलायला येतेय. देऊन टाकू."

"उघडून बघते की जरा."

"हात लावायचा नाही. इथे वायरिंगला लायसन्स लागतं."

आता पुण्यात फ्यूजची तार मीच बदलायचे, पण ते इथे कुणाला सांगता? तो तर मिक्सरचा खोकाही शोधून घेऊन आला.

रविवारी सुनेला डोसे हवे होते. म्हटलं, शेवटची चटणी वाटून घेते. वाटली, आणि वीज गेली नाही. त्यात वॉशिंग मशीन चालू, ओव्हन चालू, सुनेचा केस वाळवायचा ड्रायर चालू. मुलगा म्हणाला, "नशीब." मला काही ते पटेना. सगळं रोजच्यापेक्षा जास्तच चालू होतं. मग आज काय नव्हतं?

लसूण सोलत बसले आणि सकाळपासूनचं एकेक आठवत गेले. उठले, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, चहा टाकला. तुळशीला पाणी मात्र घातलं नव्हतं. रविवारी घालायचं नाही, हे सासूबाईंनी लावलेलं वळण. कुणी पाळतं, कुणी नाही, मी पाळते.

सोमवारी मुद्दाम तुळशीकडे गेले नाही. आधी चटणी वाटली. मग शेंगदाणे बारीक केले. मग उगाचच मिक्सर रिकामा फिरवला. वीज जागच्या जागी. मग वर हाक मारली, "खाली ये रे, आणि येताना चपला घालून ये."

माझं ऐकून त्याने आधी पेटीतला मेन स्विच बंद केला, मग मागच्या अंगणातली तुळशीची कुंडी सरकवली. खाली एक्स्टेन्शनची वायर. दिवाळीच्या माळेसाठी त्यानेच आणली होती. दिवाळी गेली, होळी गेली, माळ आज काढू उद्या काढू करत तशीच राहिली. कुंडीच्या भोकातून पाणी झिरपायचं ते नेमकं त्या वायरच्या सॉकेटवर. मी आंघोळ करून तुळशीला पाणी घालणार, आत येऊन नारळ खवणार, मिक्सर लावणार. तेवढ्यात पाणी तिथवर पोचायचं आणि स्विच पडायचा; पाणी ओघळून गेलं की परत टिकायचा.

प्लगच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. मुलाने त्या निरखून पाहिल्या.

"आई, रोज पाणी तू घालत होतीस."

"आणि वायर कुणी ठेवली होती?"

सून खिडकीतून म्हणाली, "दोघं वाटून घ्या. तोवर कुणीतरी स्विच वर करा, माझा टोस्ट अर्धा राहिलाय."

मुलाने आधी वायर काढली, मगच मेन स्विच लावला. म्हणाला, "आम्हीही ऑफिसच्या कामात हेच करतो गं, एकेक गोष्ट बाजूला काढून बघतो. घरात सुचलं नाही." बाहेरचा पॉइंट तपासायला त्याने इलेक्ट्रिशियनला फोन केला आणि तोवर तिथे काही लावायचं नाही असं मला बजावलं.

संध्याकाळी त्याने मोडकी खुर्ची रस्त्याकडेला नेऊन ठेवली. मिक्सरचा खोकाही नेला, पण आत ती वायर टाकून. मिक्सर ओट्यावरच होता. मी तांब्या भरला आणि तुळशीचं राहिलेलं पाणी घातलं.