काकांची दाढ आणि गंगाजलाचा बर्फ

गणेशोत्सवाच्या शेवटच्या आरतीच्या आदल्या दिवशी माझ्या थोरल्या काकांच्या दाढेचं रूट कॅनाल झालं. काशीतल्या आमच्या मराठी मंडळात मंत्रपुष्पांजली काकाच म्हणतात. हा मान घराण्याचा आहे, असं ते कुणी न विचारताही सांगतात. यंदा मात्र नागपूरहून बदलून आलेला बँकेतला एक अधिकारी खणखणीत आवाजाचा निघाला आणि कार्यकारिणीतल्या बऱ्याच जणांना काकांची दाढ सोयीची वाटू लागली. काकांना ते कळलं होतं. जागा एकदा सुटली की सुटलीच.

डॉक्टरीणबाईंनी दाढेची मुळं साफ करताना आत गार सलाइन सोडलं होतं. त्याने नंतरची कळ कमी होते म्हणाल्या. निघताना बजावलं, "बाबूजी, बर्फ कपड़े में लपेटकर गाल पर रखिए. थोड़ी देर रखिए, थोड़ी देर हटाइए. सेंकना बिल्कुल नहीं."

काकांना सल्ला पटला, बर्फ पटला नाही. फ्रीजमधला बर्फ नळाच्या पाण्याचा, त्यात खालच्या कप्प्यात सुनेची अंडी. उत्सवाचं सोवळं चालू असताना तो गालाला कसा लावायचा? म्हणून पंचगंगा घाटावरून गंगाजल आणवलं, चांदीच्या वाटीत गोठवलं आणि रेशमी उपरण्यात गुंडाळलं. अंडी शेजारी पाहुणी गेली.

बर्फ वितळतो, हा मुद्दा चर्चेत राहून गेला होता. गंगाजल जमिनीवर सांडायचं नाही, त्यावर पाय तर पडताच कामा नये. काकू ताम्हन घेऊन त्यांच्या हनुवटीखाली बसल्या.

"हलू नका."

"मी हलत नाही. बर्फ हलतोय."

सून दारातून म्हणाली, "बाबा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर फडकं गुंडाळू का? थेंब पडणार नाही."

"गंगा प्लास्टिकमध्ये?"

"घाटावरून आली ती कॅनमधूनच."

काकांनी गालावरचं उपरणं काढून तिच्यापुढे धरलं. आमच्या घरात संमती अशीच मिळते. पिशवी आली, ठणका उतरला, रात्री झोपही लागली.

आरतीला जबडा दुखत नव्हता, पण पुरता उघडतही नव्हता. एरवी काका मंत्रपुष्पांजली सुटलेल्या एक्स्प्रेससारखी म्हणतात. त्या दिवशी एकेक शब्द जपून ठेवत गेले. सगळा मांडव त्यांच्याबरोबर म्हणू लागला, बँकेतले साहेबही. शेवटी सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "काका, हे तुम्हीच म्हणायचं. फक्त आजच्यासारखं."

रिक्षात बसल्यावर काकांनी काकूंना विचारलं, "आजच्यासारखं म्हणजे? इतकी वर्षं काय करत होते हे लोक?"

"उभे राहायचो," काकू म्हणाल्या. "शेवटची ओळ तेवढी गाठायचो."