तोडलेला निरोप

घाटंजीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत मंजुषाचं औषधांचं दुकान होतं. आधी वडील बसायचे, त्यांच्यामागे ती बसू लागली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारेही आता थकले होते. लहानथोर सगळे तिला मंजुताई म्हणत. बाई जीव लावणारी, पण उतावळी. कोणी काही विचारलं की उत्तर दिल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि व्हॉट्सॲप आल्यापासून तर विचारणाऱ्यांना दुकानाचं शटरही आडवं येईना.

दोन हजार सतराचं ते साल. कपाशीवर बोंडअळी उतरलेली, माणसं पाठीवर पंप बांधून शेतात, आणि फवारणीचं विष अंगात भिनून आजारी पडलेल्यांनी दवाखाने भरलेले. एका गोळीसाठी कामाचा दिवस मोडून तालुक्याला कोण येणार? मग कोणी चिठ्ठीचा फोटो पाठवी, कोणी अंगावरच्या पुरळाचा. मंजुताई गिऱ्हाईक करता करता फोन तोंडाशी धरायची आणि बोलून टाकायची. वाचता न येणाऱ्यालाही आपला आवाज कळतो, याचं तिला मोठं समाधान वाटे.

एका दुपारी किसनराव नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाने आपल्या सुजलेल्या पायांचा फोटो पाठवला. बीपीच्या गोळीने काहींचे पाय असे सुजतात, हे तिला ठाऊक होतं. काउंटरवर गर्दी होती. ती घाईत बोलली, "ती बारकी पांढरी बीपीची गोळी आजपासून बंद करा. तिनंच सूज येते." मग मनाला रुखरुख लागली, म्हणून लगेच दुसरा निरोप धाडला, "पण आजच डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतील. बीपीची गोळी अशी मधेच सोडायची नसते."

किसनराव भला माणूस. डॉक्टरांकडे गेला, गोळी बदलून आणली, सूज उतरली. आपल्याला झाला तसा त्रास दुसऱ्याला होऊ नये म्हणून त्याने मंजुताईचा पहिला निरोप गावाच्या ग्रुपवर टाकला. तेवढाच. पुढे तो कुठून कुठे गेला, कोणाला पत्ता नाही.

काही दिवसांनी तांड्यावरची रामीबाई खोकल्याचं औषध न्यायला आली. तिच्या नवऱ्याची, डोंगरसिंगची, बीपीची गोळी दर महिन्याला तीच नेत असे.

"आणि बीपीची? संपली असेल ना?" मंजुताईने विचारलं.

"ते तं बंद केली न बाई."

"कोणी सांगितलं?"

"काहून मजाक करून राह्यली? तूनंच तं सांगतलं." रामीबाईने मोबाईल काढून लावला. भर दुकानात मंजुताईला स्वतःचाच आवाज ऐकू आला, घाईतला आणि ठाम. त्यात किसनरावाचं नाव नव्हतं, डॉक्टरही नव्हते.

मंजुताईने हातातली खोकल्याची बाटली खाली ठेवली. "डोंगरसिंग कसे आहेत?"

"फवारा मारून राह्यला. डोकं फिरते म्हन्ते. औंदा सगळ्याइचंच फिरते."

त्या मोसमात चक्कर म्हटलं की फवारणीच. दुसरं कारण शोधायला कोणाला सुचणार? मंजुताईने सापडेल त्या ग्रुपवर सगळं नीट समजावून सांगणारा निरोप टाकला. उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रं आली. तो लांबलचक निरोप कोणी पुढे पाठवला असेल, असं तिला वाटेना. बसवेना, उभं राहवेना. शेवटी भरदुपारी शटर ओढलं, बीपीचं मशीन पिशवीत टाकलं आणि रामीबाईला स्कूटीवर मागे घेऊन ती तांड्याकडे निघाली.

डोंगरसिंग ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. हाताला पट्टा बांधताना त्याने काहीतरी विचारलं, पण शब्द जड येत होते. ओठाची एक बाजू किंचित ओघळलेली. मशीनवरचा आकडा पाहून तिने दुसऱ्यांदा मोजलंच नाही. "जीप बघा कोणाची," एवढंच म्हणाली.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कोणी बंद केली?"

रामीबाई मंजुताईकडे पाहू लागली.

"माझ्या सांगण्यावरून," मंजुताई म्हणाली. डॉक्टर जे बोलले ते तिने खाली मान घालून ऐकून घेतलं.

डोंगरसिंग वाचला, पण उजवा हात लुळा पडला. त्या वर्षी जो काही थोडाफार कापूस हाती आला, तो रामीबाईने एकटीने वेचला. किसनराव दुकानात येऊन रडला. "मी तं भल्यासाठीच टाकलं होतं, ताई."

"मीही भल्यासाठीच बोलले होते," ती म्हणाली. त्याला पाणी दिलं. आणखी काय देणार?

तेव्हापासून ती प्रत्येक निरोपात आधी माणसाचं नाव घेते, मग औषधाचं, आणि सगळं एकाच दमात सांगते. गोळी बंद करायची असेल तर फोनवर सांगतच नाही. तरी जीव थाऱ्यावर आला नाही. रस्त्यावर कोणाच्या मोबाईलवर बाईचा आवाज वाजला, की तिचं हातातलं काम थांबतं आणि कान तिकडे लागतात.

उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी डोंगरसिंग स्वतः आला. काठी टेकत, हळूहळू पायरी चढला. तिने स्टूल पुढे केलं.

"माझ्यावर राग आहे ना?" तिने विचारलं.

"हाये नं," तो म्हणाला. "नसन काहून? पन दुसऱ्या दुकानातून मले न्याले घरापर्यंत कोन येते?" आणि त्याने डावा हात पुढे केला. "मोज."

तिने पट्टा बांधला. आकडा ठीक आला. तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने पट्टा सोडून पुन्हा बांधला.