आठवं माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही — आणि ह्यांना तर मी माझ्या सगळ्या लबाड्या सांगितल्या, काही तर दोनदा.

अर्धी गोष्ट मात्र घरात सगळ्यांना पाठ आहे. आजी सौदीत, अल खफजीला, स्कॉटिश नाच नाचायची! साडीवर तिरका चौकटीचा पट्टा लावलेला फोटो आहे ना — पोट आत ओढलेलं, मान अशी, की जणू स्कॉटलंडची राणी चिपळूणला माहेरपणाला आलीय. त्या बाईला बघून मीच हसते. अर्ध्या गोष्टीला हसणं सोपं असतं.

मी हौसेने नाचायला गेले असं सगळे समजतात. कसली हौस? सौदीकरणाची वर्षं होती ती. ह्यांच्या शेजारी एक सौदी तरुण आणून बसवला होता आणि हेच त्याला आपलं काम शिकवत होते. तो शिकला की आमचं खलास. निर्णय कुणाच्या हातात? कंपनीच्या स्कॉटिश मॅनेजरच्या. आणि त्याची बायको मोइरा दर गुरुवारी संध्याकाळी कंपाउंडच्या, म्हणजे कंपनीच्या वसाहतीच्या, हॉलमध्ये त्यांच्याकडचे नाच शिकवायची. मग मी काय केलं असेल? पदर खोचला.

पण पाय कुठे वळत होते! तेव्हा धावून आली खैरुन. आमच्याच इमारतीत खाली राहायची, रत्नागिरीची. नवरा कंपनीची बस चालवायचा. दुपारी माझ्या स्वयंपाकघरात पडदे ओढून आमची तालीम — मी बाई, ती बाप्या. ओढणी खांद्यावरून तिरकी बांधून ती समोर उभी राहायची, ऐटीत वाकायची, आणि मग — "वयनी, हात सैल सोडा. भाकऱ्या थापताय काय?" हसता हसता आम्ही फरशीवरच बसायचो. हॉलमधून मी बाईची बाजू शिकून यायचे. माझ्या तोंडून ऐकून ती पुरुषाची शिकली. माझ्यापेक्षा चांगली. हे तरी आधी कबूल करून टाकते.

तिला तो नाच एकदा डोळ्यांनी बघायचा होता. एवढंच. स्कॉटिश लोकांच्या सणाच्या संध्याकाळी मीच म्हटलं, चल. तिने सकाळपासून सांदणं वाफवली, निळ्या सलवार-कमीजला इस्त्री केली.

दारात मोइरा उभी होती. शेजारी मॅनेजर, गुडघ्यापर्यंतचा चौकटीचा घागरा नेसून. खैरुन माझ्या कानाशी पुटपुटली, "यांचे बापये बरे हां वयनी, परकर नेसून मोकळे!" मला हसू फुटलं — आणि तेवढ्यात मोइराने विचारलं, ही कोण?

सोपा प्रश्न होता ना? मैत्रीण म्हणायचं. शेजारीण म्हणायचं. पण मॅनेजर बघत होता, आणि माझ्या डोक्यात एकच — बसड्रायव्हरच्या बायकोशी ऊठबस म्हणजे आपणही त्यांच्यातलेच. आणि त्यांच्यातल्यांना आधी काढतात. मी म्हटलं, माझी कामवाली.

कामवाली! आम्हीच तिथे जेमतेम टिकून, आम्हाला कुठली कामवाली?

मोइराने तिला प्रेमाने हॉलच्या किचनमध्ये नेलं. खैरुनने सांदणांचा डबा ठेवला आणि कप विसळायला घेतले.

इथवर घाबरटपणा म्हणा हवं तर. पुढचं सांगायलाच मला इतकी वर्षं लागली. त्या नाचाला आठ माणसं लागतात, समोरासमोर चार-चार. आम्ही सातच भरलो. बॅगपाइपवाला गाल फुगवून थांबलेला. पुरुष कमी पडला तर बाईने पुरुषाच्या बाजूला उभं राहायचं, ही त्यांची रीतच. मोइरा म्हणाली, तुझ्या बाईला बोलाव, आम्ही सांभाळून घेऊ. रिकामी जागा — बरोबर माझ्यासमोरची. खैरुन किचनच्या दारात आली होती. हात ओले. ओढणी खांद्यावरून तिरकी.

मी म्हटलं, तिला नाही येत हे.

का? कामवालीला हे कुणी शिकवलं, असा प्रश्न आला असता म्हणून? की ती माझ्याहून चांगली नाचली असती म्हणून? दोन्ही खरं असेल. दुसरं जास्त.

खैरुन माझ्याकडे बघत राहिली. मग मोइराकडे वळून, हसून, तिला कळो न कळो, हिंदीत म्हणाली — "सही बोलती हैं मॅडम. मुझे नहीं आता."

मॅडम म्हणजे मी. त्यानंतर तिने मला पुन्हा कधी वयनी म्हटलं नाही.

काही महिन्यांनी ड्रायव्हरांच्या जागा सौदी माणसांना द्यायचं ठरलं. ह्यांची नोकरी टिकली. मोइराने शब्द टाकला होता. खैरुनच्या नवऱ्यासाठीही टाकला असता — मी सांगितलं असतं तर. निघालेही होते मी, चपला घातल्या होत्या. पण काय सांगणार? माझ्या मैत्रिणीचा नवरा आहे? मग ती कामवाली कोण होती?

मी चपला काढल्या.

ते कायमचे निघाले त्या दिवशी खैरुन वर आली. माझा एक डबा तिच्याकडे राहिला होता, तो घासूनपुसून दारातच हातात दिला. "येते, मॅडम."

परवा नातीला तो नाच शिकवत होते. गुडघे कुरकुरतात, पाय विसरत नाहीत. तिने विचारलं, आजी, तू शिकत होतीस तेव्हा पुरुषाच्या बाजूला कोण असायचं?

मोइरा, मी म्हटलं. पटकन. नेहमीसारखं.

खैरुन असायची.