रोजचं खारं पाणी

माझे पती सकाळी टाकीत पाणी घालून खुर्चीत बसले आणि दहा वाजता बसल्या जागीच गेले.

सैन्यात असताना त्यांची अंदमानला नेमणूक झाली होती. मला तिथं नेता आलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी उंब्रजच्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आणि तिच्यात जिवंत प्रवाळं वाढवली, थोडे मासे सोडले. शेजारी विचारायचे, "सुभेदार, ऊस सोडून ह्ये काय लावलंय?"

"हिला दाखवायचं ऱ्हायलं हुतं," ते म्हणायचे.

ते गेल्यावर टाकीतलं पाणी रोज थोडं कमी होई. मी तेवढंच खारं पाणी करून घाली. महिन्याभरात प्रवाळं मिटली, पांढरी पडू लागली. घाबरून टाकीचं सामान देणाऱ्या सांगलीच्या दुकानदाराला फोन केला.

"आवं वहिनी, उडतंय ते पाणी. मीठ आतच ऱ्हातंय. तुमी रोज मीठ वाढवताय की! फिल्टरचं साधं पाणी घाला."

इतकी वर्षं ते रोज टाकीत काय घालतात, हे मी पुस्तकातून मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं.

दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे मीठ हळूहळू कमी केलं. तरी बरीचशी प्रवाळं गेली. आता एक हिरवं प्रवाळ आणि दोन मासे आहेत.