मधली चटई

"हिला काजळी फासायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "लांडगा आयताच मिळाला."

सगळी शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधला आमचा रविवारचा मुलांचा वर्ग, हसली. मीही हसले. अकरा वर्षांची होते. अशा वेळी हसायचं नसतं, हे अजून कळलं नव्हतं.

माझगावच्या आमच्या चर्चमध्ये नाताळचा देखावा बसत होता. शांतीचं राज्य येईल तेव्हा तलवारींचे नांगर होतील, लांडगा कोकराशेजारी निजेल, असं यशया संदेष्ट्याचं भाकीत. कोकरू होती बाईंची मुलगी लिली. तिच्या अंगात पांढरा फ्रॉक. तो माझ्या आईने धुतलेला, निळीतून काढलेला, इस्त्री केलेला. आई बाईंच्या घरी धुण्याभांड्याला होती. मी लांडगा. माझ्या अंगावर गोणपाट.

तालमीत मी लिलीशेजारी आडवी झाले, तशा बाई पुढे आल्या. "थांब. मध्ये चटई ठेवा. फ्रॉकला हिचं अंग लागेल."

गुंडाळलेली चटई आमच्या मध्ये आली.

बाईंचे आजोबा ब्राह्मण, माझे नगरकडच्या महारवाड्यातले. दोघांनीही ख्रिस्ताचा बाप्तिस्मा घेतलेला. पाणी डोक्यावरून ओघळून गेलं, जात जिथल्या तिथे राहिली.

त्याच दिवसांत मुंबईत गोळ्या चालल्या होत्या. माझा दादा गिरणीत बदली कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला आणि मांडीत गोळी घेऊन परळच्या इस्पितळात पडला. हातात तलवार सोडा, काठीसुद्धा नव्हती त्याच्या. आईने चर्चच्या पाळकसाहेबांना विनवलं, उपासनेत त्याचं नाव घ्या.

"दंगेखोरांसाठी नको," ते म्हणाले. "आपण शांतीची लेकरं."

राज्यकर्त्यांसाठी मात्र दर रविवारी प्रार्थना व्हायची. गोळीचा हुकूम देणारे त्यात आपोआप आले. ह्याचा मला तेव्हाही संताप आला होता, आजही येतो.

नाताळची संध्याकाळ. पुढे खुर्च्यांवर मोठी माणसं, मागे बाकांवर आमची. आई दाराशी उभी. भाकीत वाचून झालं. लिली आडवी झाली. चटई होतीच. आता मी निजायचं होतं. मला वाटलं, आज मी निजले तर ही चटईसुद्धा शास्त्रातलीच ठरेल.

मी उभीच राहिले.

"चटई काढा. मग निजते."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "निज गं पोरी. शांतीचा देखावा आहे."

"मग चटई काढा."

लिलीचा हात चटईकडे गेला. बाईंनी नुसतं पाहिलं. हात मागे आला. पुढचं कुणी उठलं नाही. मागच्या बाकांवरची आमची माणसंही माना खाली घालून बसली, आणि त्यांचा राग मला बाईंपेक्षा जास्त आला. मी गोणपाट उतरवलं, चटईवर टाकलं आणि मधल्या वाटेने चालत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी आईचं काम गेलं. आधीच दादा बिछान्यावर, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना. लालबागच्या चाळीत सगळ्यांदेखत आईने मला मारलं. "आता खायचं काय? तुजा यशया भाकर घिऊन येनार हाय?"

मी मार खाल्ला. माफी मागायला बाईंच्या दारी चल म्हणाली, तेव्हा मात्र गेले नाही. आई एकटीच गेली. दार उघडलं नाही.

दादाला इस्पितळात सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "काढली का चटई?"

"नाही."

त्यानंतर जगात कितीतरी लढाया झाल्या. दर वेळी कुणीतरी उंच जागेवरून शांतीचं प्रवचन देतं आणि निजायला आम्हालाच सांगतं. ते भाकीत मी सोडलेलं नाही. ज्यांच्या घरात गोळी आली, त्यांचं आहे ते. पण लांडगा म्हणून मी कुणाशेजारी निजणार नाही. ज्याला शांती हवी, त्याने आधी उठावं आणि स्वतःच्या हाताने चटई काढावी.

तोवर मी उभी आहे.